व्हिक्टोरियाने उकरून काढलेली डायरी

(दृश्य: खारकिव्ह प्रांत. इझ्यूमजवळचं कापितोलिव्का गाव.)

सप्टेंबर 2022. रशियन सैन्य इथून नुकतंच मागे हटलंय. एका घरामागच्या बागेत, चेरीच्या झाडाखाली, एक बाई माती उकरते आहे. ती व्हिक्टोरिया अमेलिना. युक्रेनमधली नावाजलेली कादंबरीकार. युद्ध पेटल्यावर तिने कादंबरी बाजूला ठेवली आणि युद्धगुन्ह्यांच्या नोंदी करायला गावोगाव फिरू लागली.

या घरात वोलोदिमिर वाकुलेन्को राहायचा. मुलांसाठी लिहिणारा लेखक. मार्चमध्ये रशियन सैनिकांनी त्याला उचलून नेलं. त्याच्या आदल्याच दिवशी त्याने आपली डायरी या बागेत पुरली होती. वडिलांनी शोधून पाहिलं, सापडेना. व्हिक्टोरियाला सापडली. वोलोदिमिर मात्र इझ्यूमच्या जंगलातल्या 319 क्रमांकाच्या कबरीत होता. त्याची ओळख पटायला नोव्हेंबर उजाडला.

त्या कागदांसाठी तिचा जीव का एवढा तुटत होता? कारण असं आधीही घडलं होतं. 1937च्या नोव्हेंबरमध्ये रशियातल्या सांदारमोखच्या जंगलात, एकाच दिवशी, कवी मिकोला झेरोव्ह, नाटककार मिकोला कुलिश आणि नाट्यदिग्दर्शक लेस कुर्बास यांना गोळ्या घातल्या गेल्या. स्टालिनच्या राजवटीने युक्रेनियन लेखकांची अख्खी पिढी संपवली. माणसं गेली, हस्तलिखितंही गेली.

आणि ही व्हिक्टोरिया वाढली कशात? जन्म 1986चा, पश्चिम युक्रेनच्या ल्विव्ह शहरातला. घरात रशियन, शाळाही रशियन. पंधराव्या वर्षी रशियन भाषेच्या स्पर्धेसाठी ती मॉस्कोला गेली. तिथे एका टीव्ही पत्रकाराने तिला विचारलं, ल्विव्हमध्ये रशियन बोलणाऱ्यांवर किती अत्याचार होतात? अत्याचार तिने कधी पाहिलेच नव्हते. आपल्या शहराबद्दल दुसऱ्यांनी रचलेली गोष्ट आपल्याच तोंडून वदवून घेतली जातेय, हे तिला तिथे कळलं. पुढे तिने युक्रेनियनमध्ये लिहिलं. माझ्या मते तिची राष्ट्रीय ओळख समजायला हा प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा: ही ओळख तिला वारशाने मिळाली नाही, तिने ती निवडली.

तिच्या आधीच्या पिढीतल्या युक्रेनियन लेखिका ओक्साना झाबुझ्को यांनी 1996च्या आपल्या कादंबरीत दाखवलं होतं, की परक्या सत्तेची दहशत माणसाच्या शरीरात, प्रेमातसुद्धा कशी मुरते. त्या पुस्तकावर वादळ उठलं. बाईने इतकं उघड लिहावं, हे अनेकांना सोसलं नाही.

(दृश्य: पूर्व युक्रेनमधलं क्रामातोर्स्क शहर.)

27 जून 2023. वोलोदिमिरची डायरी पुस्तकरूपात येऊन काहीच दिवस झाले होते. प्रस्तावना व्हिक्टोरियाची. कोलंबियाहून आलेल्या पाहुण्यांसोबत ती इथल्या एका रेस्टॉरंटमध्ये बसली होती. रशियन क्षेपणास्त्र तिथेच आदळलं. 1 जुलैला तिने प्राण सोडले. वय 37.

युद्धाचा हिशोब मांडणाऱ्या बायकांवर ती इंग्रजीत पुस्तक लिहीत होती. त्यात शांततेचं नोबेल मिळालेल्या मानवाधिकार संस्थेच्या ओलेक्सांद्रा मात्विचुक आहेत, बंदूक हाती घेतलेली वकील आहे, कापितोलिव्काची ग्रंथपालही आहे. पुस्तक अपुरं राहिलं. 2025मध्ये ते तसंच प्रसिद्ध झालं, अर्धवट टिपणांसकट, आणि त्याच वर्षी त्याला राजकीय लेखनासाठीचा ब्रिटनमधला ऑरवेल पुरस्कार मिळाला.