आपल्याच चुका मोजणारी विद्या

श्रोते हो, नमस्कार.

विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकवतात म्हणजे नेमके काय शिकवतात, असे विचारले तर बहुतेक जण शरीराची रचना, रोगांची लक्षणे, औषधे आणि शस्त्रक्रिया यांची नावे घेतील. हे सारे तिथे शिकवले जातेच. पण अनुभवी वैद्याच्या हाताखाली राहूनही ते शिकता येत होते आणि शतकानुशतके माणसे तसेच शिकत आली. विद्यापीठाने वैद्यकाला त्याहून वेगळे काय दिले, याचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा एकाच उत्तरापाशी येतो. आपल्या हातून होणाऱ्या उपचाराचा परिणाम मोजायचा, आणि हिशेब आपल्यावरच उलटला तरी तो चारचौघांत मांडायचा, ही सवय त्याने दिली. ती अंगी बाणायला फार काळ लागला, आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली.

व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात विद्यापीठाचे वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणींना शिक्षण मिळे. १८४१ ते १८४६ या वर्षांत पहिल्या विभागात सुमारे दहा टक्के बाळंतिणी दगावल्या, तर दुसऱ्यात चार टक्क्यांच्या आसपास. दोन्ही विभागांत स्त्रियांना आलटून पालटून दिवस ठरवून दाखल करून घेत, त्यामुळे पहिल्या विभागाचा वार आला की स्त्रिया तिथे जायचे नाही म्हणून हातापाया पडत. हवा, गर्दी, ऋतू, अशी कारणे डॉक्टर देत होते. इग्नाझ सेमेलवाईस या तरुण सहायकाने एकेक कारण आकड्यांशी ताडून पाहिले आणि बाजूला काढले. हवा आणि ऋतू दोन्ही विभागांना सारखेच होते, आणि गर्दी तर सुईणींच्याच विभागात जास्त होती.

१८४७ च्या मार्चमध्ये त्यांचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का यांच्या बोटाला शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या सुरीने जखम झाली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. त्यांच्या शवात दिसलेली लक्षणे बाळंतज्वराने गेलेल्या स्त्रियांसारखीच होती. सेमेलवाईस यांना उलगडा झाला तो इथे. विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करत आणि त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत. सुईणी शवविच्छेदन करत नसत. मे महिन्यात त्यांनी विभागाच्या दाराशी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याचे भांडे ठेवले आणि प्रत्येकाने त्यात हात धुवूनच आत जावे, असा नियम केला. एप्रिलमध्ये अठरा टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये दोन टक्क्यांच्या जवळपास आले.

ज्या शिक्षणाचा तिथे अभिमान होता, त्याच शिक्षणाच्या वाटेने मृत्यू बाळंतिणींच्या खाटेपर्यंत पोचत होता, हे या घटनेतले मर्म मला फार मोलाचे वाटते. आपले हात स्त्रियांचा जीव घेत आहेत हे मान्य करणे त्या काळच्या अनेक नामवंत प्राध्यापकांना जमले नाही. रोग जंतूंमुळे होतात हा सिद्धान्त अजून पुढे यायचा होता, म्हणून कारणाची साखळी सेमेलवाईस यांनाही पूर्ण जोडता येत नव्हती. आपला ग्रंथ त्यांनी थेट १८६१ मध्ये प्रसिद्ध केला, आणि १८६५ मध्ये ते मनोरुग्णालयात उपेक्षेतच गेले. पुरावा हाती असूनही तो स्वीकारायला एक पिढी जावी लागली.

पुढच्या शतकात मोजण्याची ही सवय शास्त्रशुद्ध झाली. १९४३ मध्ये अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मातीतल्या सूक्ष्मजीवांपासून वेगळे केले गेले. हे काम प्रत्यक्ष करणारे अल्बर्ट शाट्झ तेव्हा पीएच. डी.चे विद्यार्थी होते. १९५२ चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या त्यांच्या मार्गदर्शकांना, सेलमन वाक्समन यांना मिळाले. संशोधनाचा इतिहास सांगताना विद्यार्थ्यांची नावे गळतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

क्षयरोगावर हे औषध खरोखर चालते का, हे ठरवण्यासाठी ब्रिटनमध्ये १०७ रुग्णांवर चाचणी झाली. ५५ जणांना औषध व विश्रांती आणि ५२ जणांना केवळ विश्रांती मिळाली, कारण औषधाचा साठा सगळ्यांना पुरेल इतका नव्हताच. कोणाला काय मिळणार हे बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवे. पाकीट उघडेपर्यंत डॉक्टरलाही ते कळत नसे, त्यामुळे बरा होईल असा वाटणारा रुग्ण औषधाच्या गटात घालण्याचा मोह आपोआप टळला. सहा महिन्यांत औषध मिळालेल्यांपैकी चार आणि न मिळालेल्यांपैकी चौदा रुग्ण दगावले. १९४८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि त्याच अहवालात जंतू औषधाला दाद देईनासे होतात हेही नोंदवले होते. यशाच्या बातमीतच तिची मर्यादा सांगितलेली असल्यामुळे पुढे एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याचा मार्ग सापडला.

त्या चाचणीमागचे संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल आणि डॉक्टर रिचर्ड डॉल यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रे पाठवून त्यांच्या धूम्रपानाची माहिती विचारली. या वेळी मोजले जाणारे स्वतः डॉक्टरच होते. ३४,४३९ पुरुष डॉक्टरांच्या आयुष्याचा आणि मृत्यूचा माग पुढे पन्नास वर्षे ठेवला गेला. २००४ च्या अहवालानुसार सिगारेट ओढत राहणाऱ्यांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटते. तिसाव्या वर्षी ती सोडली तर ही हानी जवळजवळ पूर्ण टळते आणि पन्नासाव्या वर्षी सोडली तरी सहा वर्षे हाती लागतात. सिगारेटच्या पाकिटावरची सूचना, सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी, घरातल्या माणसाने धरलेला आग्रह, या साऱ्यामागे अशा चिकाटीच्या नोंदींचे बळ आहे. पन्नास वर्षे उत्तराची वाट पाहायला तयार असलेल्या संस्था समाजाला लागतात त्या याचसाठी.

मात्र मोजणे पुरेसे नाही, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील टस्कगी येथे १९३२ पासून सरकारी आरोग्य खात्याने सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांचा अभ्यास चालवला. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश (सिफिलिस) हा लैंगिक संबंधातून पसरणारा रोग होता. त्यांना आजार नीट सांगितला गेला नाही, आणि पेनिसिलिन हा खात्रीचा उपचार म्हणून रूढ झाल्यावरही ते दिले गेले नाही. नोंदी व्यवस्थित ठेवल्या जात होत्या, त्यांवर शोधनिबंधही छापले जात होते. सुशिक्षित माणसे ते वाचत होती. १९७२ मध्ये वृत्तपत्रांतून वाचा फुटली तेव्हा हा प्रकार थांबला. विद्येला माणसाची कणव नसेल तर अचूक तक्ते किती क्रूर होऊ शकतात, याचे याहून विदारक उदाहरण मला ठाऊक नाही.

रुग्णाच्या संमतीपत्राचे आणि चाचण्या तपासणाऱ्या नैतिकता समितीचे नियम अशा अनुभवांतून कडक झाले. एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आपल्याला किंवा आपल्या माणसाला औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारले, तर संमतीपत्र आपल्या भाषेत मागून घ्यावे आणि घरी नेऊन वाचावे. या चाचणीतून काय शोधायचे आहे, मला दुसरा कोणता उपचार मिळू शकला असता, त्रास झाला तर जबाबदारी कोणाची, आणि मी मधेच बाहेर पडलो तर माझ्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होईल का, हे प्रश्न नि:संकोच विचारावेत. खाटेशेजारी उभा असलेला विद्यार्थी ही उत्तरे ऐकत असतो. आपण विचारलेल्या प्रश्नांनी त्याचेही शिक्षण होत असते.

नमस्कार.