बेशरम, देवधान आणि सारस

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘सारसाच्या अधिवासाचं पुनरुज्जीवन’. त्यावर येतोच. त्याआधी थोडं बेशरमबद्दल. कुणी अंगावर ओढून घेऊ नका, मी झुडपाबद्दल बोलतोय! (हशा)

मूळची अमेरिकेतली. हौसेनं कुंपणाला लावली, तिथून तलावात उतरली. गाय-बकरी तोंड लावत नाही, आणि तोडून फेकाल तर जिथे कांडी पडेल तिथे फुटते. वऱ्हाड असो की झाडीपट्टी, नाव ठेवण्यात आपला हात कोण धरणार?

तर काही वर्षांपूर्वी भंडारा जिल्ह्यात एका मामा तलावाच्या सौंदर्यीकरणाला मी पाहुणा होतो. मामा म्हणजे माजी मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जुन्या जमीनदारांच्या, मालगुजारांच्या ताब्यातला, हे इथे सांगायला नको. पण माझ्या पुतण्याला कालपर्यंत वाटत होतं की तो कुणाच्या तरी मामाचा तलाव. कोहळी समाजानं बांधलेली पाळ, तिला दगडी पिचिंग. वर पेव्हर ब्लॉक. काठचा सगळा झाडोरा जेसीबीनं खरवडलेला. पाण्याकडे तोंड करून सिमेंटचे दोन बगळे. शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि खोटं कशाला बोलू, ‘तलाव किती स्वच्छ दिसतोय’ असं मीही भाषणात म्हणालो. खाली उतरलो तर मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातली एक आजी म्हणाली, “तलाव धुतला तुमी साहेब. आता मासोरी खाईल काय?” माझ्या हातात नुसता नारळ.

चिठ्ठी आलीच. पाच मिनिटं. बरं, पळवतो.

सारस महाराष्ट्रात उरलाय तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्यात. 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. पुरुषभर उंचीचा हा पक्षी झाडावर नाही, उथळ पाण्यात घरटं करतो, तेही आजूबाजूच्या पाणवनस्पती उपटून, त्यांचा ढीग रचून. खातो त्यांचेच कंद, शिवाय धान, किडे, बेडूक. काठ खरवडला की घर आणि ताट दोन्ही गेलं. म्हणून झाडं लावू नका, पाण्यातलं गवत लावा! गोंदियातल्या अर्जुनी मोरगावकडे ढिवर बायकांनी हेच केलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बेशरम मुळासकट खणायची, तळ नांगरायचा, पाऊस लागला की दुसऱ्या तलावातून आणलेल्या देशी वनस्पती लावायच्या. देवधान, म्हणजे पाण्यात वाढणारं रानटी धान, तेही त्यातलंच. पेरावं लागत नाही, दाणा आपोआप गळतो, पुढच्या वर्षी पुन्हा उगवतो. आणि तिथे ग्रास कार्प हा गवत खाणारा मासा सोडू नका, तो सगळं चरून टाकतो.

1951 ला मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले, तो भाग राहिलाच. चहाच्या वेळी विचारा.

मागच्या महिन्यात त्या तलावावर गेलो होतो. पिचिंगच्या फटीतून बेशरम फुललीय, आणि एका बगळ्याची चोच तुटलीय.