भरलेली बाटली

(दृश्य: मकरपुरा जीआयडीसी ही औद्योगिक वसाहत, बडोदं. मशीनशेजारी स्टीलची पाण्याची बाटली.)

ही बाटली सकाळी भरून येते आणि संध्याकाळी बहुधा तशीच घरी जाते. पुरुषांच्या स्वच्छतागृहात टोमणे, बायकांच्या दारात अडवणूक. त्यापेक्षा पाणीच प्यायचं नाही, हा ट्रान्सजेंडर कामगारांचा जुना तोडगा. मग लघवीला जळजळ, डोकेदुखी, चिडचिड. वर शेरा: 'स्वभाव तापट'.

(दृश्य: दांडिया बाजार, चहाची टपरी.)

दुसरा ताण दिसतही नाही. मराठीत 'मी' म्हटलं की क्रियापद लगेच लिंग सांगून मोकळं होतं: 'मी आलो', 'मी आले'. गुजरातीत वळलं तरी सुटका नाही. तिथे 'हुं आव्यो', 'हुं आवी'. ओळख उघड न केलेलं माणूस मग 'मला जायचंय', 'माझं जेवण झालं' अशी वाक्यं हुडकत बोलतं. दिवसाचे आठ तास. असं पहाऱ्यावर बसलेलं डोकं रात्री उशीवरही उतरत नाही, आणि रविवारी दुपारपासूनच सोमवारची धडधड लागते. ट्रान्सजेंडर असण्यालाच आजार म्हणणाऱ्यांसाठी: जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणाने ही ओळख मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढली आहे. ते वर्गीकरण 2022 पासून लागू आहे.

पंधरवडाभर झोप-भूक उडाली असेल तर कारेलीबागेतलं सरकारी मानसिक रुग्णालय गाठावं. घराबाहेर पडवत नसेल तर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416. फुकट, चोवीस तास.

(दृश्य: हजेरीचं रजिस्टर, एका नावावर बोट.)

कागदांचं दुखणं वेगळंच. आधारवर नवं नाव आणि पीएफ खात्यावर जुनं राहिलं, की दावा अडकतो आणि खिडकीवर जुनंच नाव मोठ्यानं पुकारलं जातं. म्हणून आधी आधार, मग पॅन, बँक आणि पीएफ. एकही मधे सोडू नये.

ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या 2019 च्या कायद्याच्या कलम 11 नुसार प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी हवा. 2020 च्या नियमांप्रमाणे चौकशीला 15 दिवस. 'मला त्रास देतात' एवढ्यानं मात्र काही हलत नाही. तारीख, वेळ, हजर माणसं आणि वापरलेले शब्द, शिवी असली तरी जशीच्या तशी, लिहावेत. पोच घ्यावी.

(दृश्य: पुन्हा बाटली.)

हिचा उपाय स्वस्त आहे: एक स्वच्छतागृह, आतून नीट लागणारी कडी, दारावर 'सर्वांसाठी' अशी पाटी. पुष्कळ कारखान्यांत तसं एक असतंही. साहेबांच्या केबिनला लागून, कुलूपबंद.