तळ्याच्या तळाशी एक मत

(दृश्य : विमानाच्या खिडकीतून दिसणारी पट्टीने आखल्यासारखी शेतं. मधून चमकणारे कालवे. विमान खाली येतंय.)

अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळावर विमान टेकतं, ती जागा समुद्रसपाटीपेक्षा ३ मीटरहून जास्त खाली आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथे तळं होतं, हार्लेममेर. वादळ आलं की त्याच्या लाटा काठची जमीन खायच्या, म्हणून लोक त्याला ‘पाणलांडगा’ म्हणायचे. १८४९ ते १८५२ या काळात वाफेच्या 3 पंपांनी हे तळं उपसून कोरडं केलं. जून २०१७ मध्ये मी त्याच तळ्याच्या तळाशी उतरले, दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन. अजून तिथेच राहते. गावाचं नाव होफडॉर्प.

(दृश्य : बांधावरून सायकल. उजवीकडे भरलेला कालवा, डावीकडे खाली घरांची छपरं.)

ही रिंगफार्ट. जुन्या तळ्याभोवती फिरणारा सुमारे ६० किलोमीटरचा कालवा. नीट बघा. होडी वरून चाललीय आणि घरं खाली आहेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, आणि लगेच माहेरची आठवण आली. कारण मी पेणच्या खारेपाटातली.

खारेपाट म्हणजे खाडीला बांध घालून काढलेली भातजमीन. उधाणाची भरती आली की बाहेर पाणी उंच, आत शेत खाली. आजोबा रात्री कंदील घेऊन बांधावर जायचे. बांधाला खेकडे भोकं पाडतात. एक भोक राहिलं की खांड पडते, खारं पाणी शेतात घुसतं आणि पुढची काही वर्षं भात विसरायचं. २०१९ मध्ये कोकणात तिवरे धरण फुटून माणसं गेली, तेव्हा दोष खेकड्यांवर ढकलला गेला आणि अख्खा महाराष्ट्र कडवट हसला. मीही हसले. पण आमच्या मातीच्या बांधांपुरतं सांगायचं तर खेकडा ही चेष्टेची गोष्ट नाही.

बांधाची डागडुजी गावाने मिळून करायची, घरटी माणूस द्यायचा. त्याला जोळ म्हणायचे. आजोबांच्या डोळ्यांदेखत जोळ मोडली, खांडी वाढत गेल्या आणि आमच्या एका शेतात आज कांदळवन उभं आहे.

(दृश्य : लायडन शहर. नंतर टेबलावर एक बिल.)

इथे जोळ मोडली नाही, तिला कार्यालय मिळालं. त्याला वॉटरस्खाप म्हणतात. पाण्याची पंचायत म्हणा. आमची पंचायत राईनलांडची, तिचा जन्म १२५५ चा धरतात. म्हणजे नेदरलँड्स नावाचा देश व्हायच्या कितीतरी आधी बांध सांभाळणारी माणसं होती. आज अशा २१ पंचायती आहेत. त्यांची वेगळी निवडणूक, वेगळा कर. सांडपाण्याचा कर एकट्या माणसाला एका एककाचा आणि एकाहून जास्त माणसांच्या घराला सरसकट तीन एककांचा. आम्ही नवरा-बायको दोघंच, पण भरतो तिघांचा. त्या पैशातून पंप चालतात, पाणी स्वच्छ होतं आणि बांध पोखरणारे मस्करॅट, म्हणजे पाण्यात राहणारे मोठे उंदीर, पकडायला पगारी माणसं फिरतात. आमच्या खेकड्यांचे इकडचे भाऊबंद.

जुनी डच म्हण आहे : ‘वी नीत विल डाइकन, मूट वाइकन.’ जो बांध घालणार नाही, त्याने चालू लागावं. हे नुसतं बोलायला नव्हतं. ज्याला आपल्या वाट्याचा बांध झेपत नसे, तो त्यात कुदळ रोवून जमिनीवरचा हक्क सोडायचा आणि निघून जायचा. पाणी काय करतं हे या देशाला ठाऊक आहे. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे नैर्ऋत्येकडचे बांध फुटले आणि १८३६ माणसं गेली.

(दृश्य : शाळेच्या सभागृहातलं मतदान केंद्र. लाल पेन्सिल.)

आता माझ्या मताची गोष्ट. भारतीय पासपोर्टवर मला इथल्या संसदेसाठी मत नाही, ते रास्तच. पण सलग ५ वर्षं कायदेशीर राहिलेल्या परदेशी माणसाला नगरपालिकेसाठी मत देता येतं, १९८६ पासून. मुंबईत जन्म काढलेल्या नेपाळी गुरख्याला आपण हे देऊ का, असा प्रश्न मनात आला आणि मी तो पटकन मिटवला.

मार्च २०२२ च्या नगरपालिका निवडणुकीला माझी ५ वर्षं पुरी व्हायला तीन महिने कमी पडले. मग १५ मार्च २०२३. त्या दिवशी प्रांताची आणि पाण्याची निवडणूक एकत्र होती. शेजाऱ्यांच्या हातात दोन मतपत्रिका, माझ्या हातात एक, पाण्याची. उलगडली तर टेबलभर. यंत्र नाही; ती यांनी २००८ पर्यंत मोडीत काढली. लाल पेन्सिलने गोल रंगवायचा, घडी घालायची, पेटीत टाकायची. बाहेर आले आणि सवयीने बोटाकडे पाहिलं. शाई नव्हती. आपण खरंच मत दिलं की नाही, असं उगाच वाटत राहिलं.

(दृश्य : टीव्हीवरचा निकाल, आवाज बंद.)

आठ महिन्यांनी, २२ नोव्हेंबर २०२३ ला संसदेचा निकाल लागला. गीर्ट विल्डर्स यांचा पक्ष १५० पैकी ३७ जागा घेऊन पहिला. प्रचाराचा मोठा भाग स्थलांतरितांच्या विरोधात. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कँटीनमध्ये सगळे नेहमीसारखेच ब्रेड-चीज खात होते, पण माझ्याशी बोलताना जरा जास्तच गोड.

संध्याकाळी शेजारी कचरा टाकायला बाहेर आले. सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर ट्रक चालवलेले. मी आजारी असताना वाटाण्याचं दाट सूप आणून देणारे. मी काही विचारलं नव्हतं. आपणहून म्हणाले, “मी त्यालाच मत दिलं. पण तुझ्याबद्दल नाही हं. तू काम करतेस.”

त्यांचीही बाजू आहे. नात २८ वर्षांची, नोकरी आहे, तरी आईबापांकडे राहते. देशात सुमारे ४ लाख घरं कमी आहेत. आणि माझ्यासारखीला इथे आणताना सरकारने पगाराच्या ३० टक्क्यांपर्यंत रक्कम करमुक्त ठेवली होती. आधी ८ वर्षं सांगून मध्येच ५ केली, तेव्हा मी काय तणतणले होते. त्यांच्या नातीला ती सवलत एक दिवसही मिळाली नाही, हे तेव्हा सुचलं नव्हतं. घरं का बांधली गेली नाहीत, याचा जाब मात्र निर्वासितांकडे मागण्यात अर्थ नाही, असं मी त्यांना म्हटलं. त्यांनी खांदे उडवले.

पण मला लागलं ते वेगळंच. ‘तुझ्याबद्दल नाही’ हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, मराठीत. कॉलेजला असताना दादरला काकांकडे राहायचे. परप्रांतीयांवर तावातावाने बोलून झालं की काका दारात आलेल्या दूधवाल्याला म्हणायचे, “तुमचं नाही हो भैया, तुम्ही आपले.” दूधवाला हसायचा. त्या हसण्याचा अर्थ मला होफडॉर्पच्या कचऱ्याच्या डब्यापाशी कळला, कारण मीही तशीच हसले.

(दृश्य : हेग, संसदेबाहेर कॅमेऱ्यांची गर्दी. वेगाने बदलणारी चित्रं.)

पुढचं भराभर सांगते. जुलै २०२४ मध्ये चार पक्षांचं सरकार आलं. पंतप्रधान डिक स्कोफ, कुठल्याच पक्षाचे नसलेले, पूर्वीचे गुप्तहेर खात्याचे प्रमुख. ११ महिन्यांनी, ३ जून २०२५ ला विल्डर्स निर्वासितांच्या प्रश्नावरून बाहेर पडले. २९ ऑक्टोबरला पुन्हा निवडणूक, डी६६ हा उदारमतवादी पक्ष आणि विल्डर्स यांच्या २६-२६ जागा, थोड्या मतांनी डी६६ पुढे. भारतातून फोन यायचे, “तिकडे सगळं ठीक ना?” ठीकच होतं. काळजीवाहू सरकारच्या दिवसांतही पंप चालू होते आणि मस्करॅट पकडणारा आपल्या होडीतून ठरल्या वारी येत होता.

(दृश्य : स्वयंपाकघर. फ्रिजवर चुंबकाने लावलेले दोन कागद.)

आता १८ मार्च २०२६, नगरपालिकेची निवडणूक. हा माझा स्टेमपास, मतदानाची चिठ्ठी, घरपोच आलेली. नगरपालिकेसाठीची माझी पहिलीच.

दुसरा कागद शेजाऱ्यांचा आहे. खुब्याचं ऑपरेशन झालंय, बाहेर पडता येत नाही. इथे आपलं मत दुसऱ्या मतदाराच्या हाती देता येतं. मागे सही करायची, सोबत ओळखपत्राची झेरॉक्स. बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर त्यांचा विश्वासच बसेना. “आणि तू दुसरंच बटण दाबलंस तर?” म्हणाले. बटण नाही बाबा, पेन्सिल आहे.

काल शेजाऱ्यांनी कागद दिला, आणि कोणाला मत द्यायचं ते सांगितलं. मी दोनदा विचारून घेतलं, नाव नीट लिहून घेतलं.

ते नाव इथे सांगणार नाही. मतदान गुप्त असतं.