आधी हब, मग लोगो

मंडळी, आज विमानांच्या स्केल मॉडेलवरच्या फक्त प्रोपेलरबद्दल बोलायचं आहे. पंखांवरचे क्रॉस, स्क्वाड्रनची चिन्हं यांवर ढीगभर लिहून झालंय. प्रोपेलरकडे मात्र आपण अगदी शेवटी वळतो, किटमध्ये आलेला प्रोपेलर कंपनीचा लोगो पात्यावर चिकटवतो आणि मोकळे होतो. माझं म्हणणं असं, की लोगो सगळ्यात शेवटी बघायचा. आधी हब, म्हणजे खऱ्या प्रोपेलरचा मधला जाड भाग, वाचायचा.

पहिल्या महायुद्धातलं अल्बाट्रॉस डी-फाइव्ह-ए घ्या. १९१७ सालचं जर्मन लढाऊ विमान, मर्सिडीजचं इंजिन, लाकडी प्रोपेलर. तेव्हा जर्मनीत प्रोपेलर करणारे बरेच होते. अ‍ॅक्सियल, हाइने, वोल्फ आणि चक्क गरुड! ही बर्लिनची कंपनी, नाव मात्र थेट विष्णूच्या वाहनाचं. एकाच जातीच्या विमानांवर वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रोपेलर दिसतात. लाकडी पातं, एखादं वाईट लँडिंग झालं की बदलायचं. म्हणून ‘अल्बाट्रॉसला कुठला लोगो लावू?’ या प्रश्नाला उत्तर नाही. कुठल्या नंबरचं विमान, कुठल्या फोटोतलं, असं विचारलं तर शोध सुरू होतो.

आता हब. लाकडाच्या फळ्या एकावर एक चिकटवून प्रोपेलर कोरायचे, आणि मधल्या जाड भागावर लोखंडी पंचनं ठसे मारायचे. जर्मन हबवर साधारणपणे इंजिनाची ताकद आणि नाव, प्रोपेलरचा अनुक्रमांक, ‘डी’ म्हणजे व्यास आणि ‘एसटी’ म्हणजे पिच (एका फेऱ्यात प्रोपेलर जेवढं पुढे सरकेल ते अंतर), एवढं सापडतं. ब्रिटिश हबवर ड्रॉइंग नंबर असतो, फिरण्याची दिशा असते, तपासनीसाचे बारके शिक्के असतात. तिथे ‘एलपी’ अक्षरं दिसली तर तो वेब्रिजच्या लँग कंपनीचा नंबर. हे ठसे लाकडात रुतलेले असल्यानं शंभर वर्षांनंतरही वाचता येतात. लोगोचं तसं नाही. तो वॉर्निशखाली चिकटवलेला पातळ छाप. सोलतो, पिवळा पडतो, पॉलिश करणाऱ्याच्या हातून घासला जातो. शिवाय जुने प्रोपेलर दिवाणखान्यात टांगायचे म्हणून लोक नवा कोरा लोगो लावून घेतात. लिलावातल्या फोटोत लोगो झगझगीत आणि लाकूड मात्र म्हातारं दिसलं, की मी तो फोटो बाजूला ठेवतो.

अल्बाट्रॉस डी-फाइव्ह-एची अस्सल विमानं जगात दोनच उरली आहेत. एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये, दुसरं ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलकडे. हे दुसरं १७ डिसेंबर १९१७ ला ऑस्ट्रेलियन वैमानिकांनी खाली उतरवलेलं. पण संग्रहालयातल्या विमानावर आज जो प्रोपेलर आहे तोच युद्धात होता, असं धरून चालू नका. त्याच विमानाचा त्या काळातला फोटो मिळाला तर त्याचं वजन जास्त.

फोटोतही दोन फसवे खड्डे आहेत. पहिला रंगाचा. तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटला लाल रंग दिसतच नसे, म्हणून लाल अक्षर काळं उमटतं आणि निळं फिकट, कधी जवळजवळ पांढरं. करड्या छटेवरून लोगोचा रंग ठरवायला गेलात तर हमखास उलटं होईल. दुसरा खड्डा उलट्या छापलेल्या निगेटिव्हचा. अक्षरं वाचता येत नसतील तर पात्याचा पीळ बघा. इंजिन कुठल्या बाजूला फिरतं ते आधीच ठाऊक असतं. पीळ त्याच्या विरुद्ध निघाला, तर फोटोच आरशातला आहे. विमानाच्या इतर खुणा डाव्या-उजव्या ठरवायलाही ही युक्ती उपयोगी पडते, पण फारसं कुणी वापरत नाही.

माप काढायला प्रोपेलरच मदत करतो. व्यास हबवर लिहिलेला असतो. समजा २८० सेंटिमीटर. १/४८ च्या मॉडेलवर तो ५८ मिलिमीटर झाला. फोटोत पातं उभं, कॅमेऱ्यासमोर सरळ असेल तर त्याच पट्टीनं लोगो मोजा. खरा लोगो १५ सेंटिमीटरचा निघाला तर मॉडेलवर ३ मिलिमीटर. त्यातलं एक सेंटिमीटरचं अक्षर होतं ०.२ मिलिमीटर. घरचा प्रिंटर तिथे हात टेकतो! मग अक्षरं गिरवत बसू नका, लोगोची बाह्यरेषा आणि रंगाचे दोन-तीन पट्टे नेमके जमवा. डोळा बाकीचं भरून घेतो. हबवरचे ठसे तर १/४८ मध्ये सोडूनच द्या. १/३२ च्या मोठ्या मॉडेलमध्ये पाहू.

आणखी एक. साध्या इंकजेटला पांढरी शाई नसते. पारदर्शक डेकल पेपरवर (पाण्यात भिजवून ज्यावरची छापील फिल्म मॉडेलवर सरकवतात तो कागद) छापलेला पिवळा लाकडाच्या तपकिरी रंगावर मळकट दिसतो किंवा गायब होतो. लोगोच्या आकाराचा पांढरा तुकडा आधी खाली बसवा, त्यावर छापील डेकल. मग चकचकीत क्लिअर कोटचे पातळ हात द्या, म्हणजे फिल्मची कड बुजते. खऱ्या प्रोपेलरवरही लोगो वॉर्निशखालीच असायचा. आणि फोटोत पातं कोरं दिसत असेल, तर तुमचंही कोरंच ठेवा. किटमधला लोगो पुढच्या विमानाला वापरता येईल.