नदी नसलेल्या बेटाचा समुद्र

[दृश्य : नियुएची राजधानी आलोफी येथील धक्का, सकाळची वेळ]

क्रेनच्या आकड्याला लटकणारी ही होडी दुरुस्तीसाठी उचललेली नाही. ती मासेमारीला निघाली आहे. नियुए या देशाला बंदर नाही. किनाऱ्यालगतचा प्रवाळाचा अरुंद ओटा संपला की समुद्र थेट खोल होतो, त्यामुळे होड्या नांगरून ठेवण्यासाठी आडोशाचे पाणी सहसा मिळत नाही. होडी ट्रेलरवरून धक्क्यावर आणायची, क्रेनला अडकवायची, दोन लाटांमधली उसंत साधून पाण्यात सोडायची आणि मासे घेऊन परतल्यावर तशीच वर उचलून घरी न्यायची, असा येथील नित्यक्रम आहे. धक्क्यावरून खाली पाहिले, तर तळावरची प्रवाळे आणि त्यांच्यामधून फिरणारे मासे स्पष्ट दिसतात. धक्का म्हटला की तेलाचा तवंग आणि गाळ आलाच, हा आपला समज येथे पहिल्याच सकाळी दूर होतो.

[नकाशा : दक्षिण प्रशांत महासागर]

न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरापासून ईशान्येला सुमारे २,४०० किलोमीटरवर हे बेट आहे. पश्चिमेला टोंगा, उत्तरेला सामोआ, आग्नेयेला कुक बेटे आणि या सर्वांच्या मधोमध हा एका बेटाचा देश. क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस किलोमीटर आणि वस्ती सुमारे १,७०० माणसांची. १९ ऑक्टोबर १९७४ पासून नियुएचे लोक स्वतःचा कारभार स्वतः पाहतात, मात्र न्यूझीलंडशी त्यांनी सहयोगाचे नाते राखले असून त्यांच्याकडे त्याच देशाचे नागरिकत्व आहे. पर्यटकांसाठी नेहमीचा मार्ग एकच, ऑकलंडहून सुमारे साडेतीन तासांच्या विमानप्रवासाचा. ते विमान आठवड्यातून एक-दोनदाच येत असल्यामुळे एका विमानाने उतरायचे आणि पुढच्या विमानाने परतायचे, अशी आखीव सुट्टी येथे काढावी लागते. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडल्यामुळे प्रवासी निघालेल्या दिवसाच्या आदल्या दिवशी पोहोचतात. आलोफीत शनिवारी सकाळचे १० वाजतात, तेव्हा महाराष्ट्रात रविवार लागून पहाटेचे अडीच झालेले असतात.

[दृश्य : कडे, हवाई चित्रण]

या बेटाची घडण समजून घेतल्याशिवाय येथील पाण्याचे मोल कळत नाही, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. समुद्रतळातून वर आलेला एक ज्वालामुखी काही दशलक्ष वर्षांपूर्वी विझला आणि त्याच्या माथ्यावर प्रवाळांनी चुनखडीचे थर चढवत नेले. त्या काळी मध्यभागी उथळ खाजण आणि भोवती प्रवाळाचे कडे असलेले हे कंकणद्वीप होते. पुढे ते सबंध वर उचलले गेले. ज्या भूपट्टावर नियुए आहे, तो पश्चिमेकडे सरकत टोंगाच्या सागरी गर्तेत शिरतो आणि खाली वाकण्यापूर्वी त्याला किंचित फुगवटा येतो. नियुए नेमके त्या फुगवट्यावर आले आहे. आज हे बेट समुद्रातून दोन पायऱ्यांनी वर चढते. खालची पायरी समुद्रसपाटीपासून सुमारे २५ ते ३० मीटरांवर, तर वरची साठ मीटरांच्या आसपास आहे. कडा उंच आणि मधला प्रदेश किंचित खोलगट, अशा परातीच्या आकारात ते जुने खाजण अजूनही ओळखता येते.

येथे वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तरीही बेटावर एकही नदी नाही, एकही ओढा नाही. पडलेले सगळे पाणी सच्छिद्र चुनखडीतून झिरपत जाते आणि खाली शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर होऊन तरंगत राहते. हाच थर कूपनलिकांनी उपसून गावांना पिण्याचे पाणी मिळते. माती, पालापाचोळा आणि शेतातला गाळ समुद्रात वाहून नेणारा प्रवाहच नसल्यामुळे भोवतालचे पाणी बारमाही नितळ राहते. समुद्र शांत असताना पाण्याखाली ५० मीटरांहून अधिक अंतरावरचे दिसते. आता दिसणाऱ्या चित्रणात कोणताही रंगसंस्कार केलेला नाही, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते.

[दृश्य : मातापा घळ]

बेटाच्या वायव्येला हिकुतावाके गावाजवळ मातापा ही घळ आहे. दोन उभ्या कातळभिंतींच्या मधोमध असलेल्या या पाण्यात एके काळी नियुएचे राजे स्नान करीत, असे येथे सांगतात. पाण्यात उतरल्यावर वरचा हातभर थर थंड लागतो आणि खाली डुबकी मारली की पाणी उबदार होते. खडकांच्या फटींतून झिरपून आलेले गोडे पाणी वर राहते, खारे पाणी जड असल्याने खाली राहते, आणि दोन्ही जेथे भेटतात तेथे सारे चित्र थरथरते, धूसर होते. कॅमेऱ्यासमोरचा मासा क्षणभर अस्पष्ट दिसतो तो याच कारणाने. तो वीतभर खाली गेला की त्याच्या अंगावरची प्रत्येक रेघ मोजता येते. याच किनाऱ्यावरच्या लिमू येथील तळ्यांमध्येही गोड्या आणि खाऱ्या पाण्याचा हाच मेळ पाहता येतो.

[दृश्य : तोगो घळ, जंगलातली वाट]

आग्नेय किनाऱ्यावर मात्र चित्र वेगळे आहे. हाकुपू गावाकडून हुवालूच्या राखीव जंगलाच्या कडेने तोगोच्या घळीकडे वाट जाते. जंगल संपते तेथे करड्या प्रवाळखडकाचे शेकडो सुळके उभे आहेत आणि ते इतके धारदार आहेत, की वाट सोडून एक पाऊल टाकणेही धोक्याचे ठरावे. या सुळक्यांमधून खाली उतरल्यावर एका उंच लाकडी शिडीने घळीच्या तळाशी जाता येते, जेथे पांढऱ्या वाळूत माड वाढले आहेत. पलीकडे पूर्वेच्या लाटा कातळावर आदळत असतात आणि त्यांचा आवाज येथे पोहोचतो, पाणी क्वचितच.

[दृश्य : आवाइकी गुहा]

पश्चिम किनाऱ्यावर माकेफू गावाजवळची आवाइकी गुहा ही या बेटावर पहिली होडी लागली ती जागा, असे परंपरा सांगते. ओहोटीच्या वेळी गुहेतल्या डोहात आकाशाचा प्रकाश शिरतो आणि गुलाबी, जांभळ्या रंगाचे खडक उजळतात. मात्र वर्षातले काही दिवस हे पाणी कोणासाठीही खुले नसते. हनुवटीखाली दोन मिशा असलेल्या एका माशाची पिल्ले, ज्यांना येथे कालोआमा म्हणतात, थव्याथव्यांनी किनाऱ्याच्या ओट्यावर येतात, तेव्हा येथे पोहण्यास मनाई असते. अशा बंदीला फोनो म्हणतात आणि ती गावाच्या पातळीवर ठरते. समुद्राचा कोणता तुकडा, कशासाठी आणि किती काळ बंद ठेवायचा, याचा विचार ज्यांच्या दारात तो समुद्र आहे तेच लोक करतात. पर्यटक दूरवरून आला आहे आणि त्याच्याकडे मोजकेच दिवस आहेत, या सबबीवर नियम सैल होत नाही, आणि तसा तो होऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

[दृश्य : उलांडीची होडी खांद्यावरून नेताना]

कड्यांतून समुद्राकडे उतरणाऱ्या पायवाटांवर अजूनही अशी दृश्ये दिसतात. वाका म्हणजे एकाच खोडातून कोरलेली, एका बाजूला उलांडी, म्हणजे तोल राखणारा ओंडका, असलेली अरुंद होडी. ती कड्यावरून माणसांनीच खाली न्यायची असल्यामुळे हलकी असावी लागते आणि उघड्या समुद्रात टिकायची असल्यामुळे मजबूत असावी लागते. या दोन गरजांमधून तिचा आकार घडला आहे. वाकातून गळाने मासे धरणारा माणूस एका सकाळी जेवढे पकडतो, तेवढे बहुधा घरात आणि शेजारीपाजारी संपते.

[दृश्य : जमिनीतली भट्टी, ताकिही]

अळकुड्या हे येथील मुख्य पीक आहे. खडकांच्या बेचक्यांत जेवढी माती साठली असेल, तेवढीच शेती. नांगर चालवण्याजोगी सलग जमीन थोडीच. त्या अळकुडीचे पातळ काप आणि पिकल्या पपईचे काप एकाआड एक रचून, त्यांवर नारळाचा दाट रस ओतून, सारे पानांत घट्ट बांधले जाते आणि तापलेल्या दगडांच्या उमू नावाच्या भट्टीत पुरले जाते. पान उघडल्यावर पपई विरघळून अळकुडीत मुरलेली असते. या पदार्थाचे नाव ताकिही. जंगलातला उगा, म्हणजे नारळखेकडा, हाही येथे मेजवानीचा पदार्थ आहे. परंतु त्याची वाढ फार सावकाश होते, म्हणून पाहुण्याने तो मागून खाऊ नये, असे आम्हाला वाटते.

रस्त्याकडेची बंद घरे या चित्रणात वारंवार दिसतील. १९६० च्या दशकात येथे ५,००० हून अधिक लोक होते. आज नियुए वंशाचे ३०,००० हून अधिक लोक न्यूझीलंडमध्ये राहतात. जानेवारी २००४ च्या हेटा चक्रीवादळात कड्यांवरून लाटा आत आल्या, आलोफीतले रुग्णालय आणि हुआनाकी संग्रहालय उद्ध्वस्त झाले, आणि नवे रुग्णालय पुढे किनाऱ्यापासून आत बांधण्यात आले.

[दृश्य : पाण्याखाली, समुद्रसर्प]

काळ्या-करड्या पट्ट्यांचा हा साप म्हणजे कातुआली, जगात केवळ नियुएच्या पाण्यात आढळणारा समुद्रसर्प. तो विषारी आहे, पण स्वभावाने शांत आहे. श्वास घेण्यासाठी तो पृष्ठभागावर येतो, नाक क्षणभर हवेत धरतो आणि पुन्हा सरळ खाली उतरतो. पाण्याखालून वाट असलेल्या गुहांमध्ये, भरतीच्या रेषेच्या वर, त्याची मादी अंडी घालते.

जुलै ते ऑक्टोबर या काळात अंटार्क्टिकाकडून हंपबॅक देवमासे येथे येतात. किनाऱ्यालगतच खोल पाणी असल्यामुळे ते कड्यांच्या इतक्या जवळ येतात, की रस्त्यावरूनही त्यांचे फूत्कार ऐकू येतात. त्यांच्यासोबत पाण्यात उतरण्यास काही अटींवर परवानगी आहे. परवानाधारक होडीचालकासोबतच जावे लागते आणि अंतराचे नियम पाळावे लागतात. येथे दाखवलेले बहुतेक चित्रण कड्यावरून केले आहे.

[दृश्य : रात्रीचे आकाश]

मार्च २०२० मध्ये नियुए हा अंधाऱ्या, म्हणजे कृत्रिम उजेडापासून राखलेल्या, आकाशासाठी मान्यता मिळवणारा पहिला संपूर्ण देश ठरला. त्यासाठी बेटावरचे रस्त्यांवरचे दिवे बदलण्यात आले. ताऱ्यांवरून समुद्रात वाट काढणाऱ्यांच्या या वंशजांनी आकाशही समुद्राइतकेच सांभाळण्याजोगे मानले, हे विशेष.

[नकाशा : नियुएचे सागरी क्षेत्र]

नियुएच्या ताब्यात जमीन थोडी आहे, पण समुद्र सुमारे ३,१७,५०० चौरस किलोमीटर आहे. त्यांपैकी ४० टक्के, म्हणजे सुमारे १,२७,००० चौरस किलोमीटर क्षेत्र २०२० मध्ये कायद्याने मासेमारीस बंद करण्यात आले. नियुए मोआना माहू असे या क्षेत्राचे नाव आहे. आग्नेयेकडे असलेला आणि भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणारा बेव्हरिज रीफ हा प्रवाळखडक त्यातच येतो. करड्या रीफ शार्कांची तेथे दाट वस्ती आहे. एवढ्या थोड्या लोकसंख्येच्या देशाने हा निर्णय घेतला, याचे मोल आम्हाला फार मोठे वाटते, कारण मासेमारीचे परवाने परदेशी जहाजांना विकणे हा उत्पन्नाचा सोपा मार्ग त्यांच्यासमोर होता.

मात्र कागदावर बंद केलेला समुद्र राखायचा कसा, हा प्रश्न उरतोच. सप्टेंबर २०२३ मध्ये नियुएने त्यावर एक योजना मांडली. या क्षेत्राचा एक चौरस किलोमीटर २० वर्षे जपण्याची जबाबदारी २५० न्यूझीलंड डॉलर देऊन कोणालाही उचलता येते. मालकी मिळत नाही. बेकायदा मासेमारीवर लक्ष ठेवणे आणि किनारी गावांच्या पातळीवरचे संवर्धन यांसाठी हा पैसा एका न्यासामार्फत वापरला जातो. ज्यांना नियुएपर्यंत जाणे शक्य नाही, त्यांनाही यात सहभागी होता येते. ज्यांना जायचे आहे, त्यांनी देवमाशांसाठी जुलै ते ऑक्टोबर हा काळ निवडावा, विमानाची आणि राहण्याची नोंदणी आधीच करावी, ओट्यावर प्रवाळांवर पाय देऊ नये आणि पाण्यात उतरण्यापूर्वी त्या गावात फोनो चालू आहे का, हे विचारून घ्यावे. रविवारी गावे प्रार्थनेत असतात. त्या दिवशी पोहणे आणि मासेमारी टाळण्याची येथील रीत पाहुण्यांनाही लागू आहे.