कौलं परतायची ती मृगाआधी

(आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित.)

पाळकसाहेबांनी विषय दिला, ‘शेवटला काळ आणि आपली तयारी’, म्हणजे प्रभू येशू पुन्हा येईल त्या दिवसाची तयारी. वर सांगितलं, पोरांच्या मोबाइलवर काय काय येतंय त्यावरही बोला. म्हणून मी आधी चार पोरांचे मोबाइल बघितले. लशीच्या सुईतून प्रकटीकरणाच्या पुस्तकातल्या श्वापदाचा शिक्का, आधार नंबरात लपलेला त्याच श्वापदाचा आकडा 666, आणि एका व्हिडिओत तर तारीखसुद्धा. ती तारीख दोन वर्षांपूर्वीच होऊन गेली होती. तरी व्हिडिओ फिरतोयच.

तारखांची हौस जुनी आहे. अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा शेतकरी बायबलातल्या दानीएलच्या पुस्तकातले दिवस मोजत बसला. त्याच्या अनुयायांनी शेवटी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस धरला. काहींनी तर उभं पीक शेतातच सोडलं. काढून करायचं काय, प्रभू येणारच आहे! 23 तारीख उजाडली तेव्हा पीक तिथंच होतं आणि तेही तिथंच. अलीकडे हॅरल्ड कॅम्पिंग या अमेरिकन रेडिओ प्रचारकानं 21 मे 2011 सांगितलं, ते हुकल्यावर 21 ऑक्टोबर. पुढच्या वर्षी त्यानं अशी तारीख सांगणं पाप होतं असं कबूल केलं, हे मात्र त्याच्या पदरात टाकलं पाहिजे. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात प्रभू स्पष्ट म्हणतो, तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, पुत्रालाही नाही. जे पुत्राला ठाऊक नाही ते यूट्यूबवाल्याला कसं कळलं, एवढं तरी विचारा की.

आता थेस्सलनीका या ग्रीक शहरातल्या मंडळीकडे या. मला हा भाग फार जवळचा वाटतो. प्रेषित पौलानं त्यांना पत्र लिहिलं ते ख्रिस्तानंतर वीसएक वर्षांनी. प्रभू आज येईल, उद्या येईल म्हणून ही माणसं वाट बघत होती, आणि वाट बघता बघता त्यांच्यातले काहीजण मरायला लागले. घरात रडारड. आपला माणूस चुकला काय? प्रभू येईल तेव्हा तो जमिनीखाली, आणि आपण वर? पहिल्या पत्राचा चौथा अध्याय या रडण्याला दिलेलं उत्तर आहे. आपण तो आकाशातल्या घडामोडींचा नकाशा म्हणून वाचतो. पौल म्हणतो, मेलेले मागे राहणार नाहीत, ते आधी उठतील. आणि ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखं रडू नका. नीट ऐका, रडूच नका असं तो म्हणत नाही.

2021 च्या मे महिन्यात माझे काका गेले. गुंडाळून दिलेला देह, आम्ही चौघं, आणि लांबून एकजण हात हलवत होता, लवकर, लवकर. गीत म्हणायचं राहिलं. पाळकांनी प्रार्थना फोनवरून केली, तीही मध्येच तुटली. घरी आलो तेव्हा काकू एवढंच म्हणाली, “गीतसुद्धा नाही झालं वो.” त्या रात्री श्वापद, शिक्का, हजार वर्षं, काही आठवलं नाही. ते ‘मागे राहणार नाहीत’ तेवढं आठवलं. पावसाळा संपल्यावर आम्ही सगळे कबरस्थानात गेलो आणि राहिलेलं गीत म्हटलं. काकूचा आवाज सगळ्यात मोठा होता.

त्याच मंडळीला पौलाला दुसऱ्या पत्रात वेगळंच लिहावं लागलं. काहींनी कामधंदा सोडला होता, उद्योग काही नाही आणि दुसऱ्याच्या घरात लुडबुड. ज्याला काम करायचं नाही त्यानं खाऊही नये, असं त्यानं सुनावलं. जुन्या माणसांची भाषा वाटते ना?

तयारी म्हणजे काय, हे मला धर्मज्ञानाच्या वर्गाआधी आमच्या घराच्या छपरावर कळलं. आमचं घर कणकुंबीच्या वाटेवर, नळीच्या कौलांचं. पाऊस तिकडं कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात एक म्हातारे कौलं परतायला यायचे. एकेक कौल उचलायचे, शेवाळ झटकायचे, टिचकी मारायचे. खण्ण वाजलं तर परत जागेवर, भद्द वाजलं तर खाली. रीप कुजली असेल तर बदलायची. एकदा मी खालून विचारलं, “मामा, यंदा पाऊस कधी येणार?” ते वर न बघताच म्हणाले, “त्याचं तो बघंल की. तू कौल दे वर.”

दहा कुमारींचा दाखला यासोबत वाचा. मत्तय, पंचविसावा अध्याय. आपण सांगताना शहाण्या पाच जागत होत्या असं सांगून जातो. तसं लिहिलेलं नाही. वराला उशीर झाला तेव्हा दहाही पेंगल्या आणि झोपल्या. शहाण्यासुद्धा! फरक एवढाच की पाचजणींनी तेल झोपायच्या आधी भरून ठेवलं होतं. रात्रभर डोळे ताणून बसायला प्रभूनं सांगितलेलं नाही. दमलेल्या माणसाला यात केवढा दिलासा आहे.

आणखी एक शब्द सांगतो, तुम्हाला आवडेल. मारानाथा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी आहे. पत्र ग्रीक, करिंथची मंडळी ग्रीक बोलणारी, आणि मध्येच हा अरामी शब्द, येशूच्या घरच्या भाषेतला. तो त्यांनी तसाच ठेवला. आपण मराठीत बोलता बोलता ‘अक्का’ म्हणतो, तेव्हा कानडी बोलतोय असं कुठं वाटतं? तसं. हा शब्द ‘मारान अथा’ असा तोडला तर अर्थ होतो ‘आमचा प्रभू आला आहे’. ‘माराना था’ असा तोडला तर ‘आमच्या प्रभू, ये’. जुन्या हस्तलिखितांत शब्दांमध्ये जागाच सोडत नसत, त्यामुळे अभ्यासक दोन्ही बाजूंनी बोलतात. बरेचजण दुसऱ्या अर्थाकडे झुकतात. मला तो न तोडताच बरा वाटतो. जो एकदा आला त्यालाच आपण ये म्हणतो, अनोळख्याला नव्हे. म्हणून भीती घालणारे व्हिडिओ मला पटत नाहीत.

प्रकटीकरणात सांगितलेल्या हजार वर्षांच्या राज्याआधी प्रभू येणार की नंतर, यावर प्रश्न विचाराल तर चहाच्या वेळी बोलू. त्याला दोन चहा लागतील.

जाता जाता पाळकसाहेबांची सूचना वाचतो. येत्या शनिवारी सकाळी आठला कबरस्थानाची साफसफाई. मागच्या बाजूला घाणेरी माजलीय, दोन क्रूस पडलेत. मराठी आणि कानडी दोन्ही उपासनेची माणसं येणार आहेत. विळा, खोरं घरून आणा. तिथल्या खोऱ्याचा दांडा मोडलाय.